ध्रुवित प्रकाशाची नक्षी आणि मायक्रोस्कोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोस्कोपमधूनच पोलराइज्ड, म्हणजे ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशाची नक्षी टाकून द्रवस्फटिक हवे तसे वळवायचे, आणि त्याच मायक्रोस्कोपमधून ते बघायचे, असं काम करणारे एमएस्सी-पीएचडीचे विद्यार्थी सतत प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एकच गोष्ट दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणासाठी शक्यतो एकच मांडणी धरली आहे: ४५० नॅनोमीटरचा निळा एलईडी, सूक्ष्म आरशांची चिप, काचेवर ब्रिलियंट यलो या अ‍ॅझो रंगद्रव्याचा पातळ थर आणि त्यावर ५सीबी हा नेमॅटिक द्रवस्फटिक.

१. या प्रयोगांना ध्रुवित प्रकाशच का लागतो? साधा प्रकाश का चालत नाही?

दोन कामांसाठी लागतो, आणि ही दोन कामं डोक्यात वेगळी ठेवली की निम्मा गोंधळ मिटतो. पहिलं काम बघण्याचं. नेमॅटिकचे लांबट रेणू सरासरी एका दिशेला तोंड करून असतात. त्या दिशेने कंप पावणाऱ्या आणि तिला काटकोनात कंप पावणाऱ्या प्रकाशाला वेगवेगळा अपवर्तनांक मिळतो. ५सीबीमध्ये हा फरक खोलीच्या तापमानाला साधारण ०.१८ आहे. एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन पोलरायझरमध्ये नमुना ठेवला की हा फरक उजेड, अंधार आणि रंग होऊन दिसतो.

दुसरं काम लिहिण्याचं. अ‍ॅझो रंगद्रव्यं ध्रुवणाची दिशा ओळखतात आणि त्यानुसार वळतात. साध्या प्रकाशात नमुन्याच्या पातळीत कोणतीच दिशा वेगळी नसते, म्हणून त्याने दिशा लिहिता येत नाही.

२. प्रकाशाने रेणू वळतात म्हणजे नेमकं काय होतं?

अ‍ॅझोचा लांबट रेणू प्रकाशाचं ध्रुवण स्वतःच्या लांबीला समांतर असेल तेव्हा तो प्रकाश सर्वांत जास्त शोषतो. शोषला की त्याचा आकार पालटतो, तो परत मूळ आकारात येतो, आणि येताना थोडा वेगळ्या दिशेला बसतो. असं पुन्हा पुन्हा होतं. जो रेणू फिरत फिरत ध्रुवणाला काटकोनात जाऊन पोहोचतो, तो जवळजवळ काहीच शोषत नाही आणि तिथेच राहतो. हळूहळू सगळा थर प्रकाशाच्या ध्रुवणाला काटकोनात रचला जातो, आणि वरचा द्रवस्फटिक त्या थराच्या दिशेने बसतो.

रंगद्रव्याच्या थरात ध्रुवित प्रकाशाने दिशा उमटते हे वायगर्ट यांनी १९१९ मध्येच दाखवलं होतं. पृष्ठभागावरचे अ‍ॅझो रेणू वरच्या द्रवस्फटिकाला हुकूम देऊ शकतात हे इचिमुरा यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखवलं, आणि गिबन्स व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ध्रुवित लेझरने दिशा लिहून दाखवली. 'काटकोनात' या शब्दावर जोर का दिला आहे, ते प्रश्न ९ मध्ये कळेल.

३. नक्षी टाकायला आरशांची चिप घ्यावी की द्रवस्फटिकाचा मॉड्युलेटर?

आरशांची चिप, म्हणजे डीएमडी, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये तयार केली. प्रत्येक आरसा एका बाजूला कलला की उजेड, दुसऱ्या बाजूला कलला की अंधार. चिप वेगवान आहे, निळ्या प्रकाशात टिकते, पण एका वेळी सगळ्या नक्षीला एकच ध्रुवण मिळतं. वेगवेगळ्या दिशा हव्या असतील तर तुकड्या-तुकड्याने लिहावं लागतं.

द्रवस्फटिकाचा मॉड्युलेटर प्रत्येक पिक्सेलला वेगळं ध्रुवण एकाच झटक्यात देऊ शकतो. त्याच्या अक्षाला ४५ अंशांत रेखीय ध्रुवित प्रकाश पाठवायचा आणि पुढे क्वार्टर-वेव्ह प्लेट (दोन काटकोनी ध्रुवणांत पाव तरंगाचा फरक पाडणारी चकती) मॉड्युलेटरच्या अक्षाशी ४५ अंशांत ठेवायची. मग पिक्सेलने दिलेला कलाफरक (एक ध्रुवण दुसऱ्याच्या किती मागे पडलं ते, अंशांत) जेवढा, त्याच्या निम्म्या कोनातून ध्रुवण फिरतं. शून्य ते ३६० अंश कलाफरक मिळाला की १८० अंशांच्या सगळ्या दिशा हाती येतात.

माझं मत स्पष्ट आहे: पहिली मांडणी डीएमडीने करा. तिच्यात काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते शोधता येतं. मॉड्युलेटरमध्ये तरंगलांबीनुसार कॅलिब्रेशन, शेजारच्या पिक्सेलचा परिणाम आणि कलेची थरथर हे सगळं एकदम अंगावर येतं. त्याची एक खास अडचण प्रश्न ११ मध्ये आहे.

४. कॉलेजमधला जुना प्रोजेक्टर वापरला तर चालेल का?

चालतो, आणि सुरुवातीला तोच वापरावा. डीएलपी प्रकारच्या प्रोजेक्टरमध्ये हीच आरशांची चिप असते. रंगीत चक्री असेल तर निळा प्रकाश ठरावीक वेळच मिळतो, म्हणून प्रकाश जास्त वेळ द्यावा लागतो. एकूण किती ऊर्जा पोहोचली यालाच महत्त्व असल्याने बाकी काही अडत नाही. तीन एलसीडी पॅनेलवाल्या प्रोजेक्टरचा प्रकाश आधीच ध्रुवित असतो आणि काही मॉडेलमध्ये हिरव्याची दिशा लाल-निळ्याहून वेगळी असते. तुमच्या प्रोजेक्टरची दिशा पोलरायझरचा तुकडा फिरवून आधी तपासा.

५. ध्रुवणाची दिशा बदलायला पोलरायझर फिरवू की हाफ-वेव्ह प्लेट?

पोलरायझर पक्का ठेवा आणि त्याच्यापुढे हाफ-वेव्ह प्लेट (अर्ध्या तरंगाचा फरक पाडून ध्रुवण फिरवणारी चकती) फिरवा. आरशांवरून आलेला प्रकाश थोडाफार ध्रुवित झालेला असतो. अशा वेळी पोलरायझर फिरवला तर दिशेबरोबर तीव्रताही बदलते आणि काही दिशा फिक्या लिहिल्या जातात. हाफ-वेव्ह प्लेट १ अंश फिरवली की ध्रुवण २ अंश फिरतं. द्रवस्फटिकाची दिशा १८० अंशांनंतर तीच येते, म्हणजे प्लेट ९० अंश फिरवली की काम झालं.

दोन गोष्टी सांभाळा. प्लेट तुमच्याच तरंगलांबीची हवी: ६३३ नॅनोमीटरसाठी केलेली झीरो-ऑर्डर प्लेट ४५० ला साधारण ०.७ तरंगाचा फरक देते, अर्ध्याचा नाही. दुसरं, प्लेट जरा तिरकी बसली किंवा तिच्या दोन बाजू समांतर नसल्या, तर ती फिरवताना चित्र नमुन्यावर गोल सरकतं. प्रत्येक कोनाला एक फुली टाकून फोटो घ्या आणि किती सरकलं ते प्रोग्राममध्ये वजा करा.

६. नक्षी किती बारीक होऊ शकते?

चिपचा पिक्सेल भागिले ऑब्जेक्टिव्हचं वर्धन, हा पहिला हिशोब. ७.५६ मायक्रोमीटरचा आरसा आणि ट्यूब लेन्सशी नीट जुळवलेला २० एक्स ऑब्जेक्टिव्ह असेल तर नमुन्यावर एक आरसा साधारण ०.३८ मायक्रोमीटरचा पडतो. दुसरा हिशोब विवर्तनाचा: ४५० नॅनोमीटर आणि ०.४५ एनए (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेतं त्याचं माप) घेतला तर मर्यादा ०.५ मायक्रोमीटर. या दोन्हींतली मोठी संख्या खरी, म्हणजे इथे विवर्तनच आड येतं. १९२० बाय १०८० आरशांची अशी चिप नमुन्यावर साधारण ०.७३ बाय ०.४१ मिलिमीटर जागा व्यापते.

व्यवहारात द्रवस्फटिकाची लवचिकता याहून कठोर आहे. सेलच्या (दोन काचांमधल्या द्रवस्फटिकाच्या थराच्या) जाडीपेक्षा बरीच बारीक नक्षी लिहिली तरी थरातला द्रवस्फटिक ती गुळगुळीत करून टाकतो.

७. आडव्या आणि उभ्या दिशा छान लिहिल्या जातात, तिरप्या मात्र उमटतच नाहीत. असं का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि याचं उत्तर कळलं की बाकी निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. दोष बहुतेक वेळा डायक्रॉइक आरशाचा (काही रंग परावर्तित करणाऱ्या आणि बाकीचे आरपार सोडणाऱ्या आरशाचा) असतो. ४५ अंशांत बसवलेला हा आरसा येणारा आणि परावर्तित किरण ज्या पातळीत असतात तिच्यातल्या आणि तिला काटकोनातल्या ध्रुवणांना वेगवेगळा कलाफरक देतो. आडवा किंवा उभा प्रकाश आला तर एकच घटक असतो, काही बिघडत नाही. ४५ अंशांचा आला तर दोन्ही घटक सारखे असतात आणि त्यांच्यात पडलेल्या फरकाने रेखीय प्रकाश लंबवर्तुळाकार होतो. कलाफरक ३० अंश असेल तर लंबवर्तुळ अजून निमुळतं असतं आणि दिशा टिकते, फक्त लिहायला वेळ लागतो. कलाफरक ९० अंश असेल तर प्रकाश पूर्ण वर्तुळाकार होतो. वर्तुळाकार प्रकाशाला पातळीत दिशाच नाही. मग रेणूंनी वळायचं तरी कुठे?

म्हणून तुम्ही पोलरायझरवर काय लावलं आहे यावर विश्वास ठेवू नका. नमुना जिथे ठेवणार तिथे मोजा. नमुन्याच्या जागी फिरत्या माउंटवर पोलरायझर फिल्म बसवा, तिच्यामागे पॉवर मीटर. हाफ-वेव्ह प्लेट ०, २२.५, ४५ आणि ६७.५ अंशांवर ठेवा, म्हणजे ध्रुवण ०, ४५, ९० आणि १३५ होईल. प्रत्येक वेळी फिल्म फिरवून सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वाचन घ्या; एलईडी बंद ठेवून आलेलं वाचन दोन्हींतून वजा करा. गुणोत्तर १०० असेल तर लंबवर्तुळाचा कोन साधारण ५.७ अंश, उत्तम. १० असेल तर साधारण १७.६ अंश, काम रेटता येईल. ०-९० ला शंभरच्या वर आणि ४५-१३५ ला दोन-तीन, असं दिसलं की गुन्हेगार डायक्रॉइक, हे पक्कं. त्याआधी दोन फिल्म एकमेकींना काटकोनात लावून निळ्या प्रकाशात त्या स्वतः किती गाळतात तेही बघून ठेवा; स्वस्त फिल्म निळ्याकडे कमजोर पडतात.

८. मग डायक्रॉइकचं करायचं काय?

तीन रस्ते आहेत. सर्वांत सोपा म्हणजे पोलरायझर आणि हाफ-वेव्ह प्लेट डायक्रॉइकच्या पुढे, ऑब्जेक्टिव्हच्या अगदी आधी ठेवणे. लिहिणं बिनचूक होतं. पण बघायचा लाल प्रकाशही (प्रश्न १२) त्यातूनच जातो, त्यामुळे बघताना दोन्ही एका बाजूला सरकवता येतील अशी पट्टी करून घ्या. दुसरा रस्ता: त्याच बॅचचा दुसरा डायक्रॉइक पहिल्याशी काटकोनात बसवणे, म्हणजे पहिल्यात जो घटक मागे पडला तो दुसऱ्यात पुढे येतो. जागा असेल तर हा फार समाधानकारक उपाय आहे. तिसरा: डायक्रॉइकच्या आधी बदलता येणारा रिटार्डर (कलाफरक देणारी चकती) ठेवून उलटा कलाफरक देणे. कोणताही रस्ता घ्या, शेवटी प्रश्न ७ मधली चार वाचनं पुन्हा घ्यायची.

९. +१/२ डिफेक्ट कसा लिहायचा? पायऱ्या सांगाल का?

डिफेक्ट म्हणजे जिथे द्रवस्फटिकाला ठरावीक दिशाच उरत नाही तो बिंदू. त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली की द्रवस्फटिकाची दिशा १८० अंश फिरते, हा +१/२ चा अर्थ; फेरीच्या उलट दिशेने फिरली तर −१/२. वर्तुळाच्या १०-१० अंशांच्या ३६ फोडी करा. प्रत्येक पुढच्या फोडीत दिशा ५ अंशांनी वाढते, म्हणजे हाफ-वेव्ह प्लेट दर फोडीला २.५ अंश पुढे. चिपवर पहिली फोड उजळा, ठरलेला वेळ प्रकाश द्या, विझवा, प्लेट फिरवा, पुढची फोड उजळा. +१ साठी दर फोडीला दिशा १० आणि प्लेट ५ अंश.

आता प्रश्न २ मधला काटकोन. तो विसरलात तर +१ मध्ये चाकाच्या आऱ्यांऐवजी एकात एक वर्तुळं मिळतात. +१/२ मध्ये आकृती (धूमकेतूसारखी, एक तोंड आणि एक शेपटी) तीच राहते, पण तोंड १८० अंश फिरतं; सक्रिय (स्वतःच्या ऊर्जेने हलणाऱ्या) द्रवस्फटिकात डिफेक्ट धावतो त्याच्या तोंडाकडे किंवा शेपटीकडे, त्यामुळे तुमचा सगळा प्रवाह उलट्या दिशेला जाईल. −१/२ ची तीन टोकं ६० अंशांनी सरकतात.

१०. +१/२ लिहिला होता, −१/२ आला. प्रोग्राम तर बरोबर आहे!

प्रोग्राम बरोबरच असेल. चिपपासून नमुन्यापर्यंत चित्र आरशातल्यासारखं उलटं झालं आहे, पण हाफ-वेव्ह प्लेट मात्र त्या उलटण्यानंतर बसवलेली असल्याने तिची दिशा उलटली नाही. फोडी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आणि ध्रुवण काट्याविरुद्ध, असं झालं की डिफेक्टचं चिन्ह बदलतं. दोन्ही उलटले किंवा दोन्ही न उलटले तर चिन्ह टिकतं.

चिपवर देवनागरी 'क' टाका आणि कॅमेऱ्यात नव्हे, नमुन्याच्या जागी ठेवलेल्या कागदावर तो कसा पडतो ते प्रकाश येतो त्या बाजूने बघा. कॅमेऱ्याचं चित्र आणखी एकदा उलटलेलं असू शकतं. चिन्ह ओळखायची पडताळणी: पोलरायझर आणि अ‍ॅनालायझर दोन्ही एकत्र फिरवा (अ‍ॅनालायझर म्हणजे नमुन्यानंतरचा दुसरा पोलरायझर). डिफेक्टमधून निघणाऱ्या काळ्या पट्ट्या त्याच दिशेने फिरल्या तर चिन्ह धन, उलट फिरल्या तर ऋण. १/२ वाल्या डिफेक्टच्या दोन पट्ट्या असतात आणि त्या दुप्पट वेगाने फिरतात.

११. मॉड्युलेटरने लिहिलं की डिफेक्टपासून बाहेर एक बारीक रेघ दिसते. ती कुठून येते?

जिथे कलाफरक ३६० वरून शून्यावर उडी मारतो, तिथून. कागदावर या दोन्ही कलांचं ध्रुवण एकच आहे, पण मॉड्युलेटरच्या आतला द्रवस्फटिक शेजारच्या दोन पिक्सेलमध्ये अशी उडी मारू शकत नाही. मधल्या अरुंद पट्टीत सगळ्या कला, म्हणजे सगळ्या दिशा उमटतात. रेघ पूर्ण घालवता येत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी उडी ठेवलेली दोन-तीन चित्रं आलटून पालटून दाखवली, तर ती एका जागी साचत नाही आणि खूप फिकी होते.

१२. नक्षी लिहिली, पण बघता बघताच ती पुसली जाते.

तुम्ही बघायला पांढरा दिवा वापरत आहात. त्यातला निळा भाग अ‍ॅझो थराला पुन्हा वळवतो. दिव्यापुढे ६०० नॅनोमीटरच्या खालचं सगळं अडवणारा लाल फिल्टर लावा, आणि कॅमेऱ्यापुढे निळा अडवणारा फिल्टर. दुसरा फिल्टर डोळ्यांसाठीही हवा: निळा एलईडी चालू असताना आयपीसमधून फिल्टरशिवाय बघायचं नाही, कधीच नाही. तीव्र निळा प्रकाश डोळ्याच्या पडद्याला इजा करतो.

१३. काळी फुली तर दिसते, पण रचना आऱ्यांसारखी आहे की वर्तुळांसारखी, कसं ओळखू?

काटकोनातले पोलरायझर एखादी दिशा आणि तिला काटकोनातली दिशा यांत फरक करू शकत नाहीत. दोन्हींची फुली तंतोतंत सारखी. त्यासाठी सुमारे ५५० नॅनोमीटर कलांतराची (कलाफरक लांबीत मोजला की कलांतर) लॅम्डा प्लेट ४५ अंशांत घाला. हिला पांढरा प्रकाश लागतो, म्हणून फोटो पटकन घ्या आणि दिवा मंद ठेवा (प्रश्न १२). पातळ नमुन्यात प्लेटच्या मंद अक्षाला समांतर असलेले भाग निळसर आणि काटकोनातले पिवळसर दिसतात.

अपवाद जाड सेलचा. ५ मायक्रोमीटर जाड ५सीबीचं स्वतःचं कलांतर सुमारे ९०० नॅनोमीटर होतं. प्लेट घातल्यावर एकीकडे १४५०, दुसरीकडे ३५०. निळा-पिवळा नियम इथे लागू होत नाही, मिशेल-लेव्ही तक्त्यावर (कोणत्या कलांतराला कोणता रंग दिसतो ते दाखवणाऱ्या) दोन्ही रंग शोधावे लागतात. फार वेळा हे करायचं असेल तर कलांतर आणि दिशा दोन्हींचा नकाशा काढणारी पद्धत घ्या. ओल्डेनबर्ग यांनी १९९० च्या दशकात वुड्स होलला विकसित केलेला पोलस्कोप याच कामाचा.

१४. द्रवस्फटिक भरलेल्या सेलवर थेट लिहिता येतं का?

येतं, पण नेमॅटिक अवस्थेत लिहू नका. प्रकाश वरच्या काचेपाशी एक दिशा लिहितो आणि मग द्रवस्फटिकातून जाताना त्याचं ध्रुवण बदलतं, कधी रेणूंच्या पिळाबरोबर तेही फिरतं. खालच्या काचेवर पोहोचेपर्यंत तो वेगळाच प्रकाश झालेला असतो. रिकाम्या सेलवर आधी लिहा आणि मग भरा. भरलेल्यावरच लिहायचं असेल तर ५सीबी ४० अंश सेल्सिअसला नेऊन समदिक् (रेणूंना कोणतीच ठरावीक दिशा नसलेल्या) अवस्थेत लिहा आणि मग सावकाश थंड करा.

खोलीचाही विचार करा. ०.३ एनएच्या ऑब्जेक्टिव्हची फोकसची खोली ४५० नॅनोमीटरला सुमारे ५ मायक्रोमीटर, ०.४५ ची सुमारे २.२. दहा मायक्रोमीटरच्या सेलमध्ये दोन्ही काचांवर एकाच वेळी धारदार नक्षी पडणार नाही.

१५. किती वेळ प्रकाश द्यायचा? चुकलं तर पुसता येतं का?

ब्रिलियंट यलोसारख्या थरांना प्रति चौरस सेंटिमीटर काही ज्यूल, हा अंदाज. १० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर तीव्रता असेल तर १ ज्यूलला १०० सेकंद लागतात. पण आपला आकडा आपणच काढायचा: एकाच काचेवर शेजारी शेजारी १० सेकंद ते १० मिनिटांच्या पट्ट्या लिहा आणि कोणत्या पट्टीपासून उजेड-अंधाराचा फरक वाढायचा थांबतो ते बघा.

नव्या दिशेच्या ध्रुवणाने पुन्हा लिहिता येतं. वर्तुळाकार प्रकाशाने 'कोरं' करायचा प्रयत्न बरेच जण करतात. पातळीतली दिशा त्याने खरंच जाते, पण रेणू हळूहळू प्रकाशाच्या मार्गाच्या दिशेने उभे राहू लागतात. असा थर पहिल्यासारखा कोरा नसतो.

१६. जास्त एनएचा ऑब्जेक्टिव्ह घेतला तर नक्षी बारीक होईल, पण ध्रुवणाचं काय?

बिघडतं. भिंगाच्या कडेच्या वळणदार भागातून जाणाऱ्या किरणांचं ध्रुवण थोडं फिरतं, आणि काचेत ताण असेल तर आणखी. 'पोल' छाप असलेला, ताणविरहित ऑब्जेक्टिव्ह घ्या आणि मागचं छिद्र पूर्ण भरू नका. नमुना प्लास्टिकच्या पेट्री डिशमध्ये तर मुळीच नको. पॉलिस्टायरीनचा तळ स्वतःच कलांतर देतो.

१७. मेमध्ये ५सीबी दिसेनासा होतो आणि पावसाळ्यात थर पकड घेत नाही. आमच्या लॅबचंच काही चुकतंय का?

५सीबी ३५ अंश सेल्सिअसला समदिक् होतो. विदर्भात किंवा मराठवाड्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत मेच्या दुपारी तो नुसता ठेवला तरी काटकोनातल्या पोलरायझरमध्ये काळा दिसेल. त्यात निळ्या प्रकाशाने थर तापतो ते वेगळंच. तापमान धरणारी स्टेज नसेल तर ई७ मिश्रण वापरा, ते साधारण ६० अंशांपर्यंत नेमॅटिक राहतं. हिवाळ्यात उलटा प्रश्न येतो: ५सीबी विशीच्या सुरुवातीच्या अंशांखाली गोठू शकतो, पुण्यातल्या जानेवारीच्या सकाळी तर नक्कीच. हलक्या हाताने गरम करा, तो परत येतो. थरावर लिहिलेली नक्षी सहसा शाबूत असते.

पावसाळ्याची तक्रारही खरी आहे. ब्रिलियंट यलोचा थर दमट हवेत चढवला तर त्याची पकड कमी होते. सापेक्ष आर्द्रता ४५ टक्क्यांच्या खाली हवी, आणि मुंबई-कोकणात जुलैमध्ये ती बाहेर नव्वदीला असते. थर चढवायचा स्पिन कोटर कोरडा नायट्रोजन सोडलेल्या बंद खोक्यात ठेवा, काच लगेच भाजायला हॉट प्लेटवर न्या, आणि भाजल्यावर सिलिका जेल असलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवा. जेलचा रंग बदलला असेल तर ते आधी ओव्हनमध्ये सुकवून घ्या.